उद्या सकाळी सांगते त्याला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मटार सोलले.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळची कामं आटोपून आम्ही ओट्यावर समोरासमोर बसलो होतो. तिच्या मांडीवर परात, माझ्या पायाशी टरफलांचं घमेलं. बोलत मीच होतो. कैलाशला कामावरून काढून टाक, हेच चाललं होतं माझं, बऱ्याच दिवसांपासून. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, एक शेंग मोडली, दाणे परातीत सोडले अन् म्हणाली, "उद्या सकाळी सांगते त्याला."

"काय सांगणार?"

"त्याला सांगते ना. मग तुम्हाला कळेलच."

काढणार की ठेवणार, ते काही बोलली नाही.

ती म्हणजे माझी बायको. नाव लिहीत नाही. ती होती तेव्हा मी कधी तिला नावाने हाक मारली नाही, आता कागदावर काय मारायची. कामावरची माणसं तिला बाई म्हणायची. कामाच्या वेळी मीही बाईच म्हणायचो, कारण कामाच्या वेळी ती माझी बायको नसायची, शेठाणी असायची. हसू नका. तुमच्याही घरी असंच असेल, तुम्ही कबूल करत नसाल एवढंच.

अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत आमचं डब्यांचं काम आहे. खंडवा, बऱ्हाणपूरकडून क्लासेससाठी आलेली पोरं-पोरी, अन् काही एकटी राहणारी म्हातारी माणसं, यांना दोन वेळचा डबा. हे काम तिने काढलं. मी मिलमध्ये होतो. मिल बंद पडली, मी घरी बसलो. घरी बसलेला मिलवाला काय चीज असते, ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. हिने शेजारच्या पोरांचे डबे घेतले, मग त्यांच्या दोस्तांचे घेतले, अन् बघता बघता मी हिच्या हाताखाली कामाला लागलो. बाजार, चिरणं, फोडण्या माझ्याकडे. माणसं तिच्याकडे. ही वाटणी तिनेच केली.

"माणसं तुमच्याकडे नको," म्हणाली. "तुम्ही ओरडता."

ओरडतो. मला तसंच शिकवलं गेलं. मिलमध्ये धागा तुटला की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येऊन कानाशी ओरडायचा, सगळ्या खात्यादेखत, आईबहिणीवरून. मशीनच्या आवाजात शब्द ऐकू यायचे नाहीत, पण त्याचं तोंड दिसायचं अन् बाकीच्यांचं हसू दिसायचं. त्याने काम सुधारायचं का? नाही. पुढच्या वेळी धागा तुटला की आम्ही तो लपवायचो. हे मला माहीत होतं, तरी मी ओरडायचोच. माहीत असून काय होतं?

ती ओरडायची नाही. तिच्याकडे कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं, की पदर कमरेला खोचायची अन् विचारायची, "अन् तो काय म्हणतो?" बाई असली तर "ती काय म्हणते?" समोरचा चिडायचा. अरे, मी सांगतोय ना सगळं, तो काय म्हणणार आणखी? पण ही हलायची नाही. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय पहिल्याचं तिच्या पोटात उतरतच नव्हतं. सब्जीवाला म्हणायचा, बाई, तुम तो हाईकोर्ट हो. ती म्हणायची, कोर्टात तारखा पडतात, मी दुसऱ्या दिवशी सांगते.

ते खरं होतं. त्याच दिवशी ती कधी निकाल द्यायची नाही. माणूस चुकला, तर त्या दिवशी त्याने गुमान आपलं काम पुरं करायचं, जेवायचं, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या शेजारी जाऊन बसायची अन् त्याचंच काम त्याच्याबरोबर करायची. त्याचं काम करून बघितल्याशिवाय त्याला बोलायचं नाही, हा तिचा कायदा. पोळ्या बिघडल्या तर पोळ्या लाटायला बसायची. भांडी नीट निघाली नाहीत तर भांड्यांवर बसायची. माणसाला फार त्रास व्हायचा त्याचा. शिवी परवडली, पण बाई शेजारी येऊन बसली की घाम फुटायचा.

शकुंतला आमच्याकडे पोळ्या लाटते. विधवा आहे, तोंडाची तेज आहे, हात भरभर चालतो. मध्यंतरी पोरं फोनवर फोन करायला लागली, आंटी, पोळी बीचमधून कच्ची असते. मी शकुंतलेला सगळ्या बायकांसमोर झापलं. लक्ष नाही तुझं, मोबाईलात डोकं असतं, हे अन् ते. तिने लाटणं आपटलं अन् मला सुनावलं की दादा, पोळी खायला बसता तेव्हा नाही दिसत कच्ची.

बाई दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी पाट टाकून बसली. दोघी लाटत होत्या, दोघी भाजत होत्या, एक अक्षर बोलत नव्हत्या. सकाळ गेली. मग बाई उठली अन् मला बोलावून म्हणाली, शेगडी उलटी करा. केली. बर्नरमध्ये पीठ जाऊन एका अंगाची भोकं बुजली होती. तवा एकीकडे जळत होता अन् एकीकडे थंड. बाईने हाताने भाजलेल्या पोळ्याही मधून कच्च्याच निघाल्या होत्या. शेगडी साफ करण्याचं काम कुणाचं, ते विचारू नका.

मी हळूच शकुंतलेला म्हटलं, बरं, जाऊ दे. तर बाई म्हणाली, असं नाही. बोल सगळ्यांदेखत लावला होता, तो सगळ्यांदेखत काढा. मग काढला. पोळ्यांच्या खोलीत उभा राहून काढला. शकुंतला एवढी खूश झाली की मला म्हणाली, दादा, अजून एकदा बोला, मागच्या बाईला ऐकू नाही आलं.

माझंही तिने असंच केलं. एकदा वरणात मीठ दोनदा पडलं. पोरांचे डबे जाऊन चुकले होते. मला वाटलं आता ही बोलेल, उद्या बोलेल, तर काही नाही. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा तेच वरण माझ्या ताटात आलं अन् तिच्याही ताटात. ती खात होती, पाणी पीत होती, पुन्हा खात होती. मी म्हटलं, तू कशाला खातेस? म्हणाली, पोरांनी एकट्यांनीच का खायचं? संपवून उठली. त्या दिवसापासून मी वरण चाखल्याशिवाय खाली उतरवत नाही.

आता तुम्हाला वाटेल, बाई नरम होती. तसं नाही. एक महाराज होता आमच्याकडे, मोठ्या पंगतीतला आचारी, रस्सा असा करायचा की वास घेऊन गल्लीतली माणसं थांबायची. तो पोळ्यांच्या बायकांशी वाईट बोलायला लागला. नवी लागलेली एक बाई रडत हिच्याकडे आली. हिने तिचं ऐकलं. मग महाराजाचं ऐकलं. तो म्हणाला, मजाक था. मग बाकीच्या बायकांना एकेकीला बोलावून विचारलं. मी म्हटलं, एवढं विचारायचं काय त्यात, हाकल त्याला. म्हणाली, हाकलणारच आहे, पण उद्या त्याला असं वाटायला नको की मला न ऐकता हाकललं. दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, ताट उचललं अन् सांगितलं, महाराज, कल से मत आना. तो पाया पडला, पोरांची शपथ घेतली. तिने एकदाच मान हलवली. ऐकून घेते म्हणजे माफ करते असं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पुढे दुसऱ्या एका डबेवाल्याने आम्हाला फोन करून विचारलं, तुमच्याकडचा महाराज कसा आहे. मी चांगलं सुनावणार होतो. तिने फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाली, रस्सा फार चांगला करतो, वेळेवर येतो, दारू पीत नाही. बायका काम करतात तिथे ठेवू नका. बस. जेवढं होतं तेवढं सांगितलं, वर चमचाभर घातलं नाही अन् काढलंही नाही.

हे सगळं लिहायला सोपं वाटतं. जवळून बघितलं असतंत तर कळलं असतं, माणूस किती दमतो याने. ओरडलं की मोकळं होता येतं. ती मोकळी व्हायचीच नाही. चार जणांचं ऐकून संध्याकाळी गरम पाण्यात पाय घालून बसायची, डोळे मिटून. मी विचारायचो, पाय दुखतात? म्हणायची, पाय नाही, कान. मी म्हणायचो, मग बंद कर हे, आपण काय सरकार आहोत? ती म्हणायची, ज्याचं पोट आपल्या हातात आहे, त्याच्यापुरते आहोत.

आता कैलाशचं.

कैलाश बेटम्याकडचा. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, डोक्याला नेहमी मफलर. आमच्या स्कूटरवर डबे पोचवतो. पोचवायचा. इतकी वर्षं होता की पोरं बदलत गेली, कैलाश तोच राहिला. कशालाही त्याचं एक उत्तर, "हो जाएगा, बाई." पाऊस असो, गाडी पंक्चर असो, हो जाएगा. अन् व्हायचं.

आमच्याकडे एका जैन माताजींचा संध्याकाळचा डबा आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. ऐंशीच्या पुढची बाई, मुलं परदेशात. सूर्य मावळल्यावर त्या तोंडात काही घालत नाहीत, पाणीसुद्धा नाही. म्हणून पहिला डबा त्यांचा निघतो, उन्ह असतानाच. तो पोचला की मग बाकीचे.

थंडी पडली, दिवस लहान झाला, अन् एक दिवस माताजींच्या शेजारणीचा फोन आला. तुमच्या डब्यापायी माताजी काल उपाशी झोपल्या. परवाही. त्या स्वतः काही बोलत नाहीत, उशिरा आलेला डबा चौकीदाराला देऊन टाकतात, पण तुम्हाला काही वाटतं की नाही?

माझं डोकं फिरलं. माणूस उपाशी ठेवायला हा धंदा काढला का आपण? मी कैलाशला तिथल्या तिथे हाकलणार होतो. ती मध्ये आली. पदर खोचला. त्याला विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, "ट्रैफिक रहता है, बाई. कल से हो जाएगा."

तो गेल्यावर मी म्हटलं, खोटं बोलतोय.

"हो," ती म्हणाली.

"मग?"

"का बोलतोय ते नाही कळलं अजून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीर. तेव्हा तिने एक केलं. माताजींचा डबा कैलाशकडून काढून घेतला अन् रोज रिक्षा करून स्वतः नेऊन द्यायला लागली. मी म्हटलं, हा काय न्याय झाला, चुकतो तो अन् फेऱ्या तू मारतेस, या वयात? म्हणाली, आपल्याला कळेपर्यंत त्या म्हातारीने का उपाशी राहायचं? माताजींपुढे तिने हात जोडले. त्या हिला उलट म्हणाल्या, उसको डाँटना मत, वो भी थका हुआ आता है.

पण बाकीचे डबेही उशिरा जात होते. पोरांचे फोन येत होते. मी रोज म्हणत होतो, काढ त्याला. शकुंतला म्हणत होती, दादा, त्याचं घर त्याच्या एकट्यावर आहे. मी म्हणत होतो, अन् आपलं घर कुणावर आहे? मला खरंच कंटाळा आला होता. तिच्या धीराचाच कंटाळा आला होता. तिची फिकट होत चाललेली चर्या मला दिसत होती, अन् मला वाटत होतं, हे सगळं या कैलाशमुळे.

मटार सोलले त्या दिवशी दुपारी तिने शाल घेतली, डोक्यावरून पदर घेतला अन् कैलाशला म्हणाली, आज मी तुझ्यामागे बसते. त्याचा चेहरा उतरला. "बाई, आप कहाँ..." म्हणायला लागला. ती तोवर बसली होती, एका अंगाने, माताजींचा डबा मांडीवर घेऊन, बाकीच्या पिशव्या दोन्हीकडे लटकलेल्या. सगळ्या बायका बघायला बाहेर आल्या. शकुंतला म्हणाली, बाई, हेल्मेट तरी घाला. कुणी हसलं, कुणी हसलं नाही.

परत आली ती चालत. अंधार पडला होता. गल्लीच्या तोंडाशी मला दोघं दिसली, कैलाश स्कूटर ढकलत होता अन् ही सीटवर हात ठेवून बाजूने चालत होती. कैलाशने गाडी लावली, माझ्याकडे न बघता घरी गेला. ती हातपाय धुऊन ओट्यावर बसली, म्हणाली मटार आणा. मग तिने सांगितलं.

कैलाशच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुपारपर्यंत त्याचं भागायचं. उन्ह तिरपं झालं की समोर सगळं दुधासारखं पांढरं व्हायचं त्याला, अन् अंधार पडला की काहीच नाही, फक्त दिवे. माताजींचं घर पश्चिमेकडे. सूर्य बरोबर तोंडावर. तो झाडाखाली गाडी लावून उभा राहायचा, सूर्य उतरायची वाट बघत. मग पुढे जाणाऱ्या एखाद्या गाडीचा लाल दिवा धरायचा अन् त्याच्यामागे जायचा. ती गाडी वळली की हा दुसरा लाल दिवा शोधायचा. नाही सापडला तर उतरून ढकलत जायचा. एकदा एका रिक्षाच्या दिव्यामागे गेला तो थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, खजराण्याला पोचला, डबे घेऊन.

"तुझ्याजवळ कबूल केलं त्याने?"

"आधी नाही. गाडी थांबवली अन् म्हणाला, बाई, कोई भाई साब बीच में खड़े हैं, हटते नहीं." तिला तेवढ्यातही हसू आलं. "गाय होती हो. मी म्हटलं, कैलाश, ते भाईसाब शेपटी हलवतायत. मग बसला फुटपाथवर अन् रडला."

माताजींचा डबा तिने तिथून उतरून, धावतपळत, सूर्य असेतोवर पोचवला. बाकीचे डबे दोघांनी पायी फिरून दिले.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, म्हणजे हा आंधळा माणूस आपली गाडी रस्त्यावर चालवत होता. एखाद्या लेकराच्या अंगावर घातली असती म्हणजे? वर आपल्याशी खोटं बोलला. वर ती म्हातारी उपाशी राहिली. अन् तू गेलीस त्याच्यामागे बसून, तुझं काही झालं असतं म्हणजे?

"खरं आहे," ती म्हणाली. "सगळं खरं आहे."

"मग आजच का नाही सांगितलं त्याला?"

"तो रडला होता. रडलेल्या माणसाला सांगितलेलं कळत नाही. अन् मीही दमलेय." एक शेंग किडकी निघाली, ती तिने बाजूला टाकली. "दमल्यावर कुणाचं काही ठरवू नये."

त्यानंतर तिने ते म्हटलं, जे मी वर लिहिलंय. मी आणखी दोनदा विचारलं. ती म्हणाली, तुमची टरफलं परातीत पडतायत, बघा. मग मटार संपले. गुडघे आखडले होते, म्हणून म्हणाली, हात द्या. मी हात दिला. उठली, परात घेऊन आत गेली.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. काही कळलं नसेल. कुणाला कळलं नसेल, ते काही बोलले नाहीत.

मुलीला फोन झाला. ती पुण्याहून विमानाने निघाली, दुपारपर्यंत येणार होती. शेजारचे आले. शकुंतला नेहमीच्या वेळेला आली, तिने दारातूनच बघितलं, आत जाऊन गॅसची सगळी बटणं बंद केली अन् मग रडली. ज्या घरात माणूस गेलंय तिथे चूल पेटत नाही. पोरांना फोन करायचं काम तिने घेतलं. आज डबा नाही, बाई गेल्या. एकेकाला सांगत होती.

मी आत बसलो होतो. बाहेर कुणीतरी म्हणालं, कैलाश आलाय. 

मी बाहेर आलो. तो ओट्याच्या पायरीशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, मफलर नव्हता, दाढी केली होती. बाईने बोलावलं म्हणून आला होता. दारातल्या एवढ्या चपला बघून त्याला काही समजेना. स्कूटरची चावी त्याने आधीच खिशातून काढून हातात धरली होती.

"बाई ने बुलाया था," म्हणाला.

मी म्हटलं, "बाई गेली, कैलाश. पहाटे."

तो मटकन पायरीवर बसला. मीही बसलो. लोक येत होते, आमच्या मधून वाट काढून आत जात होते. तो रडला नाही. मग चावी त्याने माझ्यापुढे पायरीवर ठेवली. मी उचलली नाही.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. मला सहज म्हणता आलं असतं की बाई तुला काढायला सांगून गेली. त्याने हूं की चूं केलं नसतं. किंवा असंही म्हणता आलं असतं की बाई तुला ठेवायला सांगून गेली, अन् तो जन्मभर तिला देव मानून राहिला असता. दोन्ही खोटं झालं असतं. ती गेली होती, तिच्या तोंडात मी काही कसं घालणार?

म्हणून मी म्हटलं, "बाई काय सांगणार होती, मला माहीत नाही. मी रात्री विचारलं, तिने सांगितलं नाही. आता जे सांगतो ते माझं आहे."

त्याने मान हलवली.

"गाडी तुला मिळणार नाही. आज नाही, डोळे बरे होत नाहीत तोवर कधीच नाही. माझ्याशी खोटं बोललास, ते मी विसरणार नाही. माताजींना उशीर का व्हायचा ते तू स्वतः जाऊन सांगायचंस, दुसरा कुणी सांगणार नाही. तेराव्यानंतर डोळे दाखवायला माझ्याबरोबर चलायचं. तोपर्यंत डबे भरायला बसायचं, शकुंतलेच्या हाताखाली. ती ओरडेल. ओरडू दे."

"निकाला नहीं?" त्याने विचारलं.

"कान भी गए क्या?" मी म्हटलं.

तेव्हा तो रडला. मी त्याला रडू दिलं. आतून शकुंतलेचा फोनवरचा आवाज येत होता, आज नहीं बेटा, आज नहीं आएगा. अन् मला आठवलं, माताजींकडे फोन नाही. त्यांना ऐकूच येत नाही फोनवर. संध्याकाळी त्या खुर्ची टाकून दाराशी बसतील अन् सूर्य बघत राहतील.

मी म्हटलं, "ऊठ. माताजींना जाऊन सांग, आज डबा नाही. पायी जा. शेजारणीकडे त्यांच्या जेवणाचं बघून ये."

तो हलेना. दाराकडे बघत होता. "बाई को छोड़ के कैसे जाऊँ, दादा? कंधा..."

"बाई दुपारपर्यंत थांबणार आहे," मी म्हटलं. "पोरगी येईपर्यंत तिला कुणी नेत नाही. माताजींचा सूर्य थांबणार नाही. जा अन् वेळेत परत ये."

तो उठला. आत जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं अन् बाहेर पडला. मी पायरीवरून बघत होतो. सकाळचं ऊन होतं, सूर्य त्याच्या पाठीशी होता. मला वाटलं होतं, चाचपडत जाईल. पण तो सरळ अन् झपझप चालत होता. नाक्यावर एक हातगाडी आडवी आली, तिला बरोबर वळसा घालून गेला.

तो वळून दिसेनासा झाला, तेव्हा मी पायरीवरची चावी उचलून खिशात टाकली अन् आत गेलो. तिच्या उशाशी बायका बसल्या होत्या. शकुंतला थोडी सरकली. मी बसलो.